गोळीला दुखरी जागा ठाऊक नसते

गुडघा दुखत असताना घेतलेली वेदनाशामक गोळी गुडघ्याच्या दिशेने जात नाही आणि डोके उठले असताना घेतलेली तीच गोळी डोक्याकडे वळत नाही. गिळलेले औषध जठरात विरघळते, मुख्यतः लहान आतड्याच्या अस्तरातून रक्तात शोषले जाते, आधी यकृतातून जाते आणि तेथील रासायनिक प्रक्रियेतून जे शिल्लक उरते ते रक्ताबरोबर सर्वांगात फिरते. त्यामुळे ज्या अवयवाचा त्या दुखण्याशी काडीचाही संबंध नसतो, त्यालाही औषधाचा वाटा मिळतोच. औषधशास्त्राचे बरेचसे यश आणि त्याच्या बऱ्याचशा अडचणी या एका वस्तुस्थितीतून निघतात. औषधाचा गुण निराळा आणि अपाय निराळा, चांगल्या औषधात पहिला असतो आणि वाईट औषधात दुसरा, असा समज सर्रास आढळतो. घरोघरीच्या औषधांच्या डब्यातील गोळ्या एकेक करून तपासल्या तर मात्र असे दिसते की, एकच रासायनिक क्रिया हव्या त्या जागी घडली म्हणजे तिला गुण म्हटले जाते आणि नको त्या जागी घडली म्हणजे दुष्परिणाम.

ही क्रिया बहुधा चार प्रकारच्या प्रथिनांवर घडते. पेशीच्या पृष्ठभागावर किंवा आत बसून रासायनिक संदेश ओळखणाऱ्या प्रथिनांना ग्राही म्हणतात. शरीरातील रासायनिक प्रक्रियांना वेग देणाऱ्या प्रथिनांना एन्झाइम किंवा विकर म्हणतात. याशिवाय पेशीच्या आवरणातून क्षारांचे कण आत-बाहेर सोडणाऱ्या वाहिन्या असतात आणि एखादा पदार्थ आवरणापलीकडे नेऊन पोहोचवणारे वाहक असतात. नेहमीच्या वापरातील बहुतेक औषधे शरीरात नवीन असे काही निर्माण करीत नाहीत. या चारांपैकी कशाला तरी चिकटून ती आधीच चालू असलेले एखादे काम मंदावतात, थांबवतात किंवा वाढवतात. तेच प्रथिन शरीरात किती ठिकाणी आहे आणि त्या त्या ठिकाणी ते कोणते काम करते, यावर औषधाचे पुढचे सारे वर्तन ठरते.

ताप, ठणका आणि एक एन्झाइम

जंतुसंसर्ग झाला की पांढऱ्या रक्तपेशी काही संदेशद्रव्ये रक्तात सोडतात आणि त्यांच्या प्रभावाने मेंदूत प्रोस्टाग्लँडिन ई-२ नावाचा स्निग्ध रेणू तयार होऊ लागतो. मेंदूच्या तळाशी असलेला हायपोथॅलॅमस हा भाग शरीराचे तापमान किती असावे हे ठरवतो आणि हा रेणू त्या ठरलेल्या पातळीलाच वर सरकवतो. पातळी ३७ अंश सेल्सिअसवरून ३९ वर गेली, पण रक्त अजून ३७ अंशांवरच आहे, अशा अवस्थेत शरीराला थंडी वाजते. त्वचेखालच्या रक्तवाहिन्या आकसतात, हातपाय गार पडतात, हुडहुडी भरते आणि स्नायूंच्या थरथरीतून उष्णता निर्माण होऊन तापमान ३९ वर पोहोचते. पॅरासिटामॉलची गोळी घेतली म्हणजे मेंदूतील या रेणूची निर्मिती घटते, पातळी पुन्हा खाली येते आणि आता रक्त त्या पातळीपेक्षा गरम ठरल्यामुळे रक्तवाहिन्या रुंदावतात, दरदरून घाम फुटतो आणि ताप उतरतो. ज्याला तापच नाही त्याने ही गोळी घेतली तर नेहमीच्या मात्रेत त्याचे अंग विशेष गार पडत नाही, याचे कारणही यातच आहे. मात्र तापाला कारणीभूत झालेला मलेरियाचा परजीवी, विषमज्वराचा जिवाणू किंवा डेंग्यूचा विषाणू या गोळीने मरत नाही. उतरलेला ताप म्हणजे बरा झालेला रोग नव्हे.

प्रोस्टाग्लँडिन हे एकच द्रव्य नसून ते एक मोठे कुटुंब आहे आणि ते शरीरात जवळजवळ सर्वत्र तयार होते. मार लागलेल्या किंवा सुजलेल्या जागी ते वेदनावाहक मज्जातंतूंची टोके अधिक संवेदनशील करते, म्हणून तेथे साधा स्पर्शही ठणकतो. हे रेणू सायक्लोऑक्सिजनेज नावाच्या एन्झाइमच्या साहाय्याने तयार होतात आणि ॲस्पिरिन त्यांची निर्मिती रोखते, हे इंग्लंडमधील जॉन व्हेन यांनी १९७१ मध्ये दाखवून दिले. १९८२ च्या नोबेल पारितोषिकातील एक वाटा त्यांना या कार्यासाठी मिळाला. ॲस्पिरिन त्या वेळी सत्तर वर्षांहून अधिक काळ विकले जात होते. विलो वृक्षाच्या सालीचा तापावर उपयोग होतो असे एडवर्ड स्टोन या इंग्लिश धर्मोपदेशकाने १७६३ मध्ये रॉयल सोसायटीला कळवले होते, त्या सालीशी नाते सांगणाऱ्या सॅलिसिलिक आम्लात बदल करून बायर कंपनीतील फेलिक्स हॉफमन यांनी १८९७ मध्ये शुद्ध ॲस्पिरिन तयार केले आणि १८९९ पासून ते त्या नावाने बाजारात आले. पण ते नेमके काय करते, याचा उलगडा होण्यास एवढा काळ जावा लागला.

या उलगड्याबरोबर ॲस्पिरिनच्या अपायांचाही उलगडा झाला. जठराच्या आतल्या बाजूला श्लेष्म्याचा जो संरक्षक थर असतो, तो टिकवण्याचे काम प्रोस्टाग्लँडिनच करते. त्यामुळे ॲस्पिरिन, आयब्युप्रोफेन आणि डायक्लोफेनॅक यांसारख्या वेदनाशामकांनी सांध्यातील ठणका कमी होतो, त्याच वेळी जठराचे अस्तर उघडे पडते आणि तेथे व्रण होऊन रक्तस्राव होऊ शकतो. गोळी जेवणानंतर घेतल्याने मळमळ आणि जळजळ काहीशी कमी होते. परंतु अस्तराला पोहोचणारा बराचसा धोका रक्तातून येत असल्यामुळे इंजेक्शननेही तो टळत नाही. शरीरातील पाणी कमी झाले असेल, वय झाले असेल किंवा लघवी वाढवणारे औषध चालू असेल, तर मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा प्रोस्टाग्लँडिनच्या आधारावर टिकून असतो. अशा व्यक्तीने सांधेदुखीवर मेडिकलमधून परस्पर गोळ्या आणून महिनोन्महिने घेतल्या तर मूत्रपिंडे अधू होतात, पायांवर सूज येते आणि चालू असलेल्या रक्तदाबाच्या औषधाचा प्रभावही कमी पडतो.

रक्ताच्या बाबतीत हीच क्रिया एका परिस्थितीत धोका ठरते आणि दुसऱ्या परिस्थितीत उपचार. रक्त गोठवण्यास मदत करणाऱ्या प्लेटलेट या पेशी त्याच एन्झाइमच्या साहाय्याने थ्रॉम्बॉक्सेन नावाचा रेणू बनवतात आणि त्याच्या योगाने एकमेकींना चिकटून गुठळी तयार करतात. ॲस्पिरिन या एन्झाइमला कायमचे निकामी करते. इतर पेशी नवे एन्झाइम बनवून ही उणीव भरून काढतात. प्लेटलेटला पेशीकेंद्रच नसल्यामुळे तिला ते जमत नाही आणि तिच्या सात ते दहा दिवसांच्या आयुष्याच्या अखेरपर्यंत ती निष्प्रभ राहते. म्हणूनच डोकेदुखीसाठी ३०० मिलिग्रॅम किंवा अधिक मात्रेची गरज असणारे ॲस्पिरिन हृदयरोग्याला दिवसाला केवळ ७५ मिलिग्रॅम पुरते आणि तेवढ्याने हृदयाच्या रक्तवाहिनीत गुठळी होण्याची शक्यता घटते. डेंग्यूमध्ये प्लेटलेट आधीच कमी झालेल्या असतात आणि रक्तस्रावाची भीती असते. त्या तापात ॲस्पिरिन आणि आयब्युप्रोफेन टाळून पॅरासिटामॉलच देण्यामागे हेच कारण आहे. सोळा वर्षांखालील मुलांना फ्लू किंवा कांजिण्यांत ॲस्पिरिन दिल्यास यकृत आणि मेंदू यांना इजा करणारा राय सिंड्रोम हा विरळ पण घातक विकार उद्भवू शकतो, म्हणून त्यांना ते दिले जात नाही.

गुण ठेवून अपाय तेवढा वजा करण्याचा एक मोठा प्रयत्न याच एन्झाइमच्या बाबतीत झाला. १९९० नंतर या एन्झाइमचे दोन प्रकार असल्याचे स्पष्ट झाले. त्यांपैकी पहिला जठरात आणि प्लेटलेटमध्ये नेहमी कार्यरत असतो आणि दुसरा मुख्यतः सुजेच्या जागी वाढतो. केवळ दुसऱ्याला रोखणारी औषधे शोधली गेली आणि जठराच्या दृष्टीने ती खरोखर अधिक सुरक्षित ठरली. परंतु गुठळीला विरोध करणारा रेणू रक्तवाहिन्यांच्या अस्तरात हाच दुसरा प्रकार तयार करतो; तो रोखला गेला आणि प्लेटलेटमधील गुठळीकारक रेणू मात्र अबाधित राहिला. या गटातील रोफेकॉक्सिब हे औषध १९९९ मध्ये बाजारात आले आणि हृदयविकाराचे झटके वाढत असल्याचे दिसल्यावर २००४ मध्ये उत्पादक कंपनीने ते मागे घेतले. अपाय वजा झाला नव्हता. जठरातून तो हृदयाकडे सरकला होता.

पॅरासिटामॉल आणि यकृत

पॅरासिटामॉलचा प्रभाव मुख्यतः मेंदू आणि मज्जासंस्थेत पडतो, त्याची सविस्तर कार्यपद्धती शास्त्रज्ञांमध्ये आजही चर्चेचा विषय आहे. जठराला आणि प्लेटलेटला ते फारसे धक्का लावत नाही आणि सूजही ते फारशी कमी करीत नाही. त्याचा धोका यकृतात आहे. घेतलेल्या मात्रेचा बहुतांश भाग यकृत निरुपद्रवी संयुगांत बदलून लघवीवाटे बाहेर टाकते, मात्र थोड्या भागाचे रूपांतर पेशींना मारक अशा एका पदार्थात होते आणि यकृतातील ग्लुटाथायोन हे द्रव्य त्याला तत्काळ निष्प्रभ करते. मात्रा प्रमाणाबाहेर गेली की ग्लुटाथायोनचा साठा संपतो आणि तो पदार्थ यकृताच्याच पेशी मारू लागतो. पहिल्या दिवशी मळमळीपलीकडे फारसे काही जाणवत नाही आणि इजा उघड होईपर्यंत दोन-तीन दिवस निघून जातात. ॲसिटिलसिस्टीन हा त्यावरील उतारा ग्लुटाथायोनचा साठा भरून काढतो, पण तो पहिल्या आठ तासांत दिला गेला तर सर्वाधिक गुणकारी ठरतो.

निरोगी प्रौढ व्यक्तीसाठी २४ तासांतील कमाल मात्रा ४ ग्रॅम, म्हणजे ५०० मिलिग्रॅमच्या आठ गोळ्या, आणि दोन मात्रांमध्ये किमान चार ते सहा तासांचे अंतर असे सर्वसाधारण प्रमाण आहे. मद्यपान करणारे, यकृताचे रुग्ण आणि वजनाने फार कमी असणारे यांच्यासाठी ही मर्यादा खाली येते. प्रत्यक्षात ती ओलांडली जाते ती बहुधा नकळत. तापाची गोळी, सर्दी-पडशाची गोळी आणि अंगदुखीची गोळी अशी तीन वेगळ्या नावांची पाकिटे घरात असतात आणि तिन्हींच्या पाठीवर बारीक अक्षरांत पॅरासिटामॉल लिहिलेले असते. लहान मुलांच्या औषधात ही चूक आणखी सहज घडते. तान्ह्या बाळांसाठीच्या थेंबांच्या बाटलीत साधारणतः १ मिलिलिटरमध्ये १०० मिलिग्रॅम औषध असते, तर पातळ औषधाच्या बाटलीत ५ मिलिलिटरमध्ये १२० ते १२५ किंवा २५० मिलिग्रॅम. थेंबांच्या बाटलीतून चमचाभर दिले तर १२५ ऐवजी ५०० मिलिग्रॅम पोटात जाते. मुलांची मात्रा वयापेक्षा वजनावरून, दर किलोला १० ते १५ मिलिग्रॅम या हिशेबाने ठरते आणि ती बाटलीबरोबर आलेल्या मापानेच मोजावी लागते.

औषध पचवून बाहेर टाकण्याची शक्ती माणसामाणसांत कमी-अधिक असते आणि प्राणिजातींमध्ये तर तिच्यात फार मोठे अंतर असते. १९९० च्या दशकापासून भारतीय उपखंडातील पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची संख्या ९९ टक्क्यांहून अधिक घटली. जनावरांना दिलेले डायक्लोफेनॅक त्यांच्या मृतदेहात शिल्लक राहते आणि ते मांस खाल्लेल्या गिधाडांची मूत्रपिंडे निकामी होतात, हे पाकिस्तानात झालेल्या आणि २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून सिद्ध झाले. भारताने २००६ मध्ये जनावरांसाठीच्या डायक्लोफेनॅकवर बंदी घातली आणि माणसांसाठीच्या मोठ्या कुप्या गोठ्याकडे वळवल्या जात असल्याने २०१५ मध्ये त्या इंजेक्शनची कुपी ३ मिलिलिटरच्या एका मात्रेपुरती मर्यादित केली. जनावरांवर तितकेच गुणकारी असलेले मेलॉक्सिकॅम गिधाडांना मानवते, हेही त्याच काळात आढळले.

पित्तावरची गोळी उपाशीपोटी का

वेदनाशामकाबरोबर डॉक्टर बहुधा पित्तावरची एक गोळी लिहून देतात, ती वर सांगितलेल्या उघड्या पडणाऱ्या अस्तराच्या रक्षणासाठी. या गोळ्यांचे तीन गट आहेत. पहिल्या गटातील ॲल्युमिनियम आणि मॅग्नेशियम यांचे क्षार जठरात आधीच आलेल्या आम्लाशी संयोग पावून ते निष्प्रभ करतात. ॲल्युमिनियमने मलावरोध होतो आणि मॅग्नेशियमने पोट सुटते, म्हणून दोन्ही एकत्र घालून तोल साधला जातो. दुसऱ्या गटातील फॅमोटिडीनसारखी औषधे आम्ल स्रवणाऱ्या पेशीला हिस्टामिन या संदेशद्रव्याकडून मिळणारा संदेश अडवतात. तिसऱ्या गटातील ओमेप्राझोल आणि पॅन्टोप्राझोल ही त्या पेशीतील आम्ल बाहेर ढकलणाऱ्या पंपालाच बंद पाडतात.

तिसऱ्या गटाचे काम विलक्षण आहे. ओमेप्राझोल जठरातील आम्लात उघडे पडले तर तेथेच नष्ट होते, म्हणून त्याच्या कणांवर आम्लात न विरघळणारे आवरण चढवलेले असते आणि ते लहान आतड्यात गेल्यावरच सुटते. तेथून रक्तात शिरून ते फिरत फिरत पुन्हा जठराच्या भिंतीतील आम्लस्रावी पेशींपाशी मागच्या दाराने येते. त्या पेशींच्या सूक्ष्म नळ्यांतील तीव्र आम्लात त्याचे रूप पालटते आणि पालटलेले रूप तेथील पंपाला कायमचे चिकटते. शरीरात इतके आम्ल अन्यत्र कोठेही नसल्यामुळे त्याची क्रिया जवळपास त्या एकाच जागी घडते. रक्तातून ते काही तासांतच नाहीसे होते, पण नवे पंप तयार होईपर्यंत त्याचा परिणाम दिवसभर टिकतो. पंप जेवणाच्या वेळी कार्यरत होतात आणि कार्यरत पंपच या औषधाला सापडतात, म्हणून ही गोळी न चावता, न फोडता, न्याहारीच्या अर्धा ते एक तास आधी घ्यायची असते. भरपेट जेवणानंतर जळजळ सुरू झाल्यावर घेतलेल्या गोळीला त्या वेळेपुरता फारसा गुण येत नाही.

औषध इतके नेमके असूनही त्याचा अपाय त्याच्या गुणातूनच येतो. जठरातील आम्लाची काही कामे गरजेची आहेत. ते अन्नाबरोबर आलेले जंतू मारते आणि अन्नातील ब-१२ जीवनसत्त्व सुटे करण्यास मदत करते. वर्षानुवर्षे ही गोळी चालू राहिली तर ब-१२ आणि मॅग्नेशियम यांची कमतरता आणि आतड्यांचे काही संसर्ग यांची शक्यता वाढते. आणि ती एकदम बंद केली तर काही दिवस आम्ल पूर्वीपेक्षाही जोराने स्रवते, त्यामुळे गोळीवाचून चालतच नाही अशी रुग्णाची समजूत होते.

सर्दी-शिंकांवरील गोळी आणि झोप यांचा संबंधही याच प्रकारचा आहे. ॲलर्जीमध्ये सुटणारे हिस्टामिन नाकाच्या अस्तरातील ग्राहींना चिकटून पाणी गाळते आणि खाज आणते. तेच हिस्टामिन मेंदूत माणसाला जागे ठेवते. क्लोरफेनिरामिनसारखी जुनी औषधे रक्तातून मेंदूत सहज शिरतात आणि नाकाबरोबर जागृतीचा ग्राहीही अडवतात, सेटिरिझिन त्या मानाने कमी शिरते आणि फेक्सोफेनाडिन जवळजवळ शिरतच नाही. वाहन चालवणाऱ्या व्यक्तीला यांपैकी कोणती गोळी दिली जाते, यावर म्हणून बरेच काही अवलंबून असते.

प्रतिजैविके: जे जंतूंत आहे आणि माणसात नाही

आतापर्यंत पाहिलेली औषधे माणसाच्याच प्रथिनांवर काम करतात. प्रतिजैविकांचे, म्हणजे अँटिबायोटिक औषधांचे, तत्त्व वेगळे आहे. जिवाणूत जे आहे आणि मानवी पेशीत नाही, अशा भागावर ती आघात करतात. जिवाणूभोवती एक कठीण पेशीभित्ती असते आणि आतल्या द्रवाचा दाब तिच्या आधाराने पेलला जातो. पेनिसिलिन आणि त्याच कुळातील अमॉक्सिसिलिन या भित्तीच्या बांधणीत आडवे येतात, त्यामुळे वाढणाऱ्या जिवाणूची भित्ती कमकुवत राहते आणि तो फुटतो. मानवी पेशीला अशी भित्तीच नसल्यामुळे तिला या क्रियेचा उपद्रव होत नाही, जरी काही व्यक्तींना पेनिसिलिनची तीव्र ॲलर्जी होऊ शकते. अझिथ्रोमायसिन जिवाणूची प्रथिने बनवणारी रचना थांबवते आणि ती रचना मानवी पेशींतील तशाच रचनेपेक्षा पुरेशी निराळी आहे.

विषाणूला ना भित्ती असते, ना प्रथिने बनवण्याची स्वतःची यंत्रणा. म्हणून साधे पडसे, फ्लू किंवा डेंग्यू यांवर प्रतिजैविकाचा काहीही उपयोग होत नाही. पडसे चार-सहा दिवसांत आपोआप ओसरू लागते आणि मधल्या काळात घेतलेल्या गोळीला त्याचे श्रेय मिळते. त्या गोळीने आतड्यातील उपयुक्त जिवाणू मात्र मरतात आणि जुलाब सुरू होतात. जिवाणू मारणे हीच तिची क्रिया आहे आणि घशातला जिवाणू कोणता, आतड्यातला कोणता, हा भेद ती करीत नाही. जे जिवाणू एखाद्या जनुकीय बदलामुळे तगून राहतात तेच पुढे वाढतात. पेनिसिलिनला तोडणारे एन्झाइम बनवणारे जिवाणू आज सर्वत्र आहेत आणि त्या एन्झाइमला अडवण्यासाठी अमॉक्सिसिलिनबरोबर क्लॅव्हुलॅनिक आम्ल द्यावे लागते.

अलेक्झांडर फ्लेमिंग यांना १९२८ मध्ये लंडनमध्ये पेनिसिलिनचा सुगावा लागला, हॉवर्ड फ्लोरी आणि अर्न्स्ट चेन यांनी त्याचे औषध केले आणि १९४५ मध्ये तिघांना नोबेल पारितोषिक मिळाले. स्वतंत्र भारतात हे औषध देशातच तयार व्हावे म्हणून जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या साहाय्याने पुण्याजवळ पिंपरी येथे १९५४ मध्ये हिंदुस्तान अँटिबायोटिक्स ही सरकारी कंपनी स्थापन झाली. त्या काळी जे मिळवणे अवघड होते, ते पुढे इतके सुलभ झाले की, अनेक प्रतिजैविके आणि क्षयरोगाची औषधे एच-१ या स्वतंत्र अनुसूचीत घालून चिठ्ठीवाचून ती विकू नयेत आणि दुकानदाराने त्यांच्या विक्रीची नोंद ठेवावी, असा नियम सरकारला २०१४ पासून लागू करावा लागला.

मिठाला साखरेची सोबत

जुलाब झाल्यावर दिले जाणारे ओआरएस, म्हणजे जलसंजीवनी, हे औषध आहे असे अनेकांना वाटतच नाही. त्यातील साखर चवीसाठी किंवा तरतरी येण्यासाठी आहे, असा समज असतो. प्रत्यक्षात आतड्याच्या अस्तरात एक वाहक प्रथिन आहे आणि ते सोडियम आणि ग्लुकोज यांना जोडीनेच आत घेते. त्यांच्यामागून पाणी आपोआप आत ओढले जाते. ही जोडी रॉबर्ट क्रेन यांनी १९६० मध्ये प्रथम मांडली. पटकीच्या विषाने आतड्यातून पाण्याचा लोंढा बाहेर पडत असतो, तेव्हाही हा वाहक शाबूत राहतो. नुसते मीठ-पाणी पाजून जे साधत नाही, ते त्यात योग्य प्रमाणात साखर घातल्याने साधते. १९७१ मध्ये बांगलादेशाच्या मुक्तिसंग्रामात पश्चिम बंगालमधील बनगाव येथे निर्वासितांच्या छावणीत पटकीची साथ आली आणि शिरेतून द्यायचे सलाईन संपत आले, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, ग्लुकोज आणि खाण्याचा सोडा यांचे मिश्रण पिंपांतून नातेवाइकांच्या हाती दिले. मृत्यूचे प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून ४ टक्क्यांच्या खाली आले.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २००२ पासूनच्या सूत्रानुसार एक लिटर पाण्यासाठीच्या पुडीत २.६ ग्रॅम मीठ, १३.५ ग्रॅम ग्लुकोज, १.५ ग्रॅम पोटॅशियम क्लोराईड आणि २.९ ग्रॅम सोडियम सायट्रेट असते आणि त्यात सोडियम आणि ग्लुकोज यांच्या रेणूंचे प्रमाण समसमान पडते. हे प्रमाण हाच या औषधाचा प्राण आहे. पूर्ण पुडी पेलाभर पाण्यात कालवली तर क्षार अति होतात, आणि साखर जास्त असलेली शीतपेये किंवा डबाबंद रस दिला तर आतड्यातील दाट साखर उलट शरीरातलेच पाणी बाहेर ओढून जुलाब वाढवते. पुडी नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात चहाच्या चमच्याने सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ हे घरगुती प्रमाण चालते. जुलाब थांबवणारे लोपरामाइड आतड्यांची हालचाल मंद करते. रक्ताची आव असेल किंवा तापाबरोबर जुलाब असतील तर जंतूंना आत रोखून धरणारी हीच मंद हालचाल घातक ठरते आणि लहान मुलांना तर ते देऊच नये.

रक्तदाबाच्या औषधांचा धडा

गुण आणि अपाय यांचे नाते सर्वांत स्पष्ट दिसते ते रक्तदाबाच्या औषधांत. मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी सर्पगंधेच्या मुळीचा उच्च रक्तदाबावर होणारा उपयोग १९४९ मध्ये ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये मांडला आणि या देशी वनस्पतीकडे जगाचे लक्ष वेधले गेले. १९५२ मध्ये तिच्यातून रेसर्पिन हे द्रव्य वेगळे काढण्यात आले आणि १९५७ मध्ये डॉ. वकील यांना लास्कर पुरस्कार मिळाला. रेसर्पिन मज्जातंतूंच्या टोकांतील नॉरॲड्रेनलिनसारख्या संदेशद्रव्यांचा साठा रिता करते, त्यामुळे रक्तवाहिन्या सैल पडतात आणि दाब उतरतो. तोच साठा मेंदूतही रिता होतो आणि काही रुग्णांमध्ये खिन्नता आल्याचे आढळले. पुढे या औषधाचा वापर मागे पडला. वनस्पतीपासून आलेले औषध म्हणजे निरपवाद निर्धोक, या समजुतीला हे उदाहरण पुरेसे उत्तर आहे.

नंतरच्या औषधांपैकी एका गटाचा उगम ब्राझीलमधील जराराका या विषारी सापात आहे. त्याच्या विषातील एक घटक ब्रॅडिकायनिन या रक्तवाहिन्या रुंदावणाऱ्या द्रव्याचा नाश थांबवतो, हे सेर्जिओ फेरैरा यांनी १९६५ मध्ये दाखवले आणि पुढे जॉन व्हेन यांच्या प्रयोगशाळेत त्यावर काम झाले. तो घटक ज्या एन्झाइमला रोखतो तेच एन्झाइम रक्तवाहिन्या आकसवणारे अँजिओटेन्सिन तयार करते, असे आढळल्यावर गोळीच्या रूपात देता येईल असे कॅप्टोप्रिल आणि नंतर एनालाप्रिल, रामिप्रिल ही औषधे आली. त्यांनी दाब उतरतो. पण नष्ट न झालेले ब्रॅडिकायनिन श्वासमार्गात साचते आणि काही रुग्णांना महिनोन्महिने कोरडा खोकला लागतो. कारण कळत नसल्याने त्यावर खोकल्याची बाटली आणि प्रतिजैविकेही दिली जातात. कारण ओळखले तर उपाय सोपा आहे. लोसार्टन आणि टेल्मिसार्टन ही औषधे एन्झाइमला हात न लावता अँजिओटेन्सिनचा ग्राही अडवतात, त्यामुळे दाब उतरतो आणि खोकला सहसा लागत नाही. अम्लोडिपिनने घोट्यांवर येणारी सूज हीदेखील रक्तवाहिन्या रुंदावण्याच्या त्याच्या मूळ गुणाचेच फळ असते, मूत्रपिंड बिघडल्याचे लक्षण असतेच असे नाही. तरीही गोळी आपणहून बंद न करता ती सूज डॉक्टरांना दाखवावी लागते.

एकाच व्यक्तीला मधुमेह, रक्तदाब आणि सांधेदुखी असे तिन्ही असण्याचे प्रमाण वाढते आहे आणि तिन्हींचे डॉक्टर अनेकदा वेगळे असतात. अशा वेळी डॉक्टरांसमोर चालू गोळ्यांची पाकिटे, काढे, चूर्णे आणि परस्पर घेतलेल्या वेदनाशामकांसह सगळी औषधे ठेवणे हा उपचाराचाच भाग ठरतो, कारण ती सारी एकाच रक्तातून फिरतात आणि एकाचा परिणाम दुसऱ्याच्या वाटेत येतो. नवीन गोळी सुरू झाल्यानंतर काही दिवसांनी उद्भवलेली तक्रार हा नवा रोग मानून तिच्यावर आणखी एक गोळी सुरू होण्याआधी, ती पहिल्या गोळीचीच क्रिया अन्य ठिकाणी घडत असल्याची खूण तर नाही ना, हे तपासले गेले पाहिजे. गोळी कशावर आहे, हे रुग्ण नेहमी विचारतो. ती हे काम नेमके कशाला रोखून करते आणि तेच शरीरात आणखी कोठे चालू असते, हा पुढचा प्रश्नही त्याने विचारला, तर कोणत्या अपायावर लक्ष ठेवायचे याचे उत्तर त्याला बहुतेक वेळा गुणाच्या स्पष्टीकरणातच मिळेल.